खत घातलं तरी सागाखाली कोळी का नाहीत?

प्रश्न पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या गुरुजींचा आहे. गावाजवळ शेजारी-शेजारी दोन टेकड्या आहेत. एकीवर जुनी देवराई, दुसरीवर पंधराएक वर्षांपूर्वी लावलेला साग. सागाला सुरुवातीची काही वर्षं युरिया आणि सुपर फॉस्फेट मिळालं. देवराईला कुणी कधी मूठभर खत घातलेलं नाही. तरी मुलांना घेऊन गेलं की देवराईत पावलागणिक जाळं तोंडावर येतं आणि सागाखाली तासभर फिरूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कोळी सापडतात. गुरुजी विचारतात, माती कसदार तर झाड जोमदार, झाड जोमदार तर कीटक जास्त, कीटक जास्त तर कोळी जास्त, अशी साखळी आम्ही शिकवतो. मग ती इथे का चालत नाही? आणि कंपोस्ट टाकून ती चालू करता येईल का?

गुरुजी, आधी उत्तर देते, मग कारणं. तुम्ही शिकवता ती साखळी खोटी नाही, पण जंगलातला मोठा व्यवहार त्या वाटेने होत नाही. तो पाचोळ्यातून होतो. तुमच्या सागाला खत मिळालं, पाचोळा मात्र टिकला नाही. कंपोस्ट विकत आणून टाकू नका, पैसे वाहून जातील. अगदी शब्दशः, पहिल्याच मोठ्या पावसात.

मी अकरा वर्षं माती परीक्षणात काढली. नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांचे नमुने, सामू (पीएच), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), दिवसभर तेच. नंतर कोळ्यांच्या नादी लागले ती आजतागायत. त्यामुळे ही गोष्ट मला खालून वर आणि वरून खाली अशी दोन्हीकडून दिसते, आणि पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखीच फसले होते.

पानाच्या वाटेपासून सुरू करू. पानाच्या कोरड्या वजनात नत्र असतं साधारण एक ते तीन टक्के. ते पान खाणाऱ्या अळीच्या अंगात असतं आठ-दहा टक्के. म्हणजे अळीला बोटभर शरीर बनवायला ढीगभर पान चावावं लागतं, त्यातला नको असलेला कर्ब (कार्बन) बाहेर टाकावा लागतो आणि नत्राचा कण न् कण धरून ठेवावा लागतो. ऑगस्टमध्ये अळी पडलेल्या सागाखाली रात्री उभं राहून पाहा. पाऊस नसताना टपटप ऐकू येतं. त्या लेंड्या असतात. खांद्यावर, छत्रीवर, खाली पडलेल्या वाळक्या पानांवर एकसारखा बारीक आवाज. सकाळी पान उजेडात धरलं तर शिरांची जाळी तेवढी उरलेली, जणू कुणी चाळणी केली. पावसाळा सरताना दुरून सागाचं रान करपल्यासारखं दिसतं ते याच अळीमुळे.

पानात नत्र वाढलं तर अळीला कमी खाऊन भागतं, ती लवकर मोठी होते आणि गांधीलमाश्यांच्या तावडीत सापडायचे दिवस कमी होतात. नत्र कमी असेल तर ती जास्त खाते, हळू वाढते आणि जास्त दिवस उघड्यावर राहते. त्यामुळे 'खत घातलं की कीड वाढते' हे बऱ्याच अंशी खरं. द्राक्षवाल्यांना हे मी सांगायची गरज नाही. नत्र जास्त झालं, शेंडे लुसलुशीत फुटले की तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण दारात हजर. रस शोषणाऱ्यांना नत्राचा फायदा सगळ्यांत आधी मिळतो, कारण झाडाचा रस म्हणजे बहुतांशी साखरपाणी आणि त्यातलं नत्र अगदी पातळ.

पण हा फायदा कोळ्यापर्यंत पोचता पोचता वाटेत गळतो. मावा म्हणजे अशीच रस शोषणारी बारीक कीड. तिच्याभोवती मुंग्यांची राखण असते. त्या गोड चिकट्यासाठी मावा गाईसारखा पाळतात आणि कोळ्याला फिरकू देत नाहीत. शिवाय माव्याच्या काही जाती कोळ्यासाठी निकृष्ट अन्न ठरतात, निव्वळ त्यावर वाढवलेली पिल्लं नीट वाढत नाहीत. सागाची अळी पानाला रेशमाची चादर ओढून तिच्या आड बसते. आणि ही सगळी चंगळ दीड-दोन महिन्यांची. उन्हाळ्यात साग उघडाबोडका. कोळ्याला बाराही महिने थोडं थोडं लागतं. वर्षातून एकदा लग्नाची पंगत आणि एरवी उपास, अशा घरात कोण राहील?

कोळ्याची भूकही जरा वेगळी असते. २००२ मध्ये विल्यम फेगन आणि सहकाऱ्यांनी कितीतरी जातींच्या कीटकांच्या अंगातल्या नत्राचे आकडे ताडून दाखवलं की शिकारी कीटकांच्या अंगात पानखाऊंपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त नत्र असतं. कोळ्यांना तर वर रेशीमही विणायचं असतं, आणि रेशीम म्हणजे निव्वळ प्रथिन. म्हणूनच गोल जाळी विणणारे बरेचसे कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच मालातून नवं विणतात. पहाटे एखादी कोळीण जाळं गुंडाळून गिळताना दिसली तर मुलांना नक्की दाखवा. नत्राची काटकसर इतकी उघड्यावर दुसरीकडे कुठे दिसत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट २००५ मध्ये डेव्हिड मेन्त्झ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडली. शिकारी कीटक-कोळी मिळेल ते गिळत नाहीत, प्रथिन आणि चरबी यांचा मेळ साधतात. त्यांच्या प्रयोगात एक जाळं करून बसणारा वाळवंटी कोळी होता, स्टेगोडायफस वंशातला. आधी ज्याची कमतरता झाली तो घटक तो पुढच्या भक्ष्यातून जास्त शोषून घ्यायचा. शिकार तीच, पण आधीच्या उपासाप्रमाणे चोथ्यात उरणारा माल वेगळा. याच वंशातला आपल्याकडचा भाऊबंद तुम्हाला येवला-सिन्नरकडे बोरी-बाभळीवर दिसेल, वाळक्या पानांचा गोळा करून शेकडोंनी एकत्र राहणारा. तेव्हा 'कीटक जास्त म्हणजे कोळी जास्त' या वाक्यात कोणते कीटक आणि त्यांच्या अंगात काय, हे दोन प्रश्न दडलेले असतात.

आता माती. गरीब मातीवर वाढणाऱ्या झाडाला एकेक पान महाग पडतं, म्हणून ते पान राखतं. टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरतं, जाड करतं, चिवट करतं. फिलिस कोली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा विचार नीट मांडला. पुढे २००४ मध्ये पॉल फाइन यांनी पेरूच्या ॲमेझॉनमध्ये त्याची कसोटी घेतली. पांढऱ्या निकस वाळूवरची रोपं आणि कसदार चिकणमातीवरची रोपं त्यांनी एकमेकांच्या जागी लावली. काही जाळीखाली झाकली, काही उघडी ठेवली. झाकलेली असताना चिकणमातीची रोपं वाळूतसुद्धा वाळूवाल्यांपेक्षा सरस वाढली. उघडी ठेवली तेव्हा कीटकांनी त्यांचा फडशा पाडला आणि वाळूवाली जिंकली. म्हणजे मातीने झाडं वाटून दिली, पण वाटणीची कुऱ्हाड कीटकांच्या हातात होती. हा प्रयोग मला फार आवडतो.

आपल्या ऐन-हिरड्याच्या पानात तुरटपणा केवढा असतो ते चावून पाहिलं तर कळेल. गिरिपुष्पाची गंमत याच्या उलट. नाशिकच्या आसपासच्या कितीतरी टेकड्यांवर ते लावलंय. हवेतलं नत्र धरणारं झाड, पानं नत्राने भरलेली, तरी त्यावर अळ्या त्या मानाने कमीच दिसतात. गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, त्यातच कारण आलं. नत्र भरपूर, पण विषाच्या पुडीत बांधलेलं. त्याची पानं खाली पडून कुजली की मात्र हेच नत्र सगळ्यांना खुलं होतं. इथून आपण खऱ्या वाटेला लागतो.

बहुतेक जंगलांत जिवंत हिरव्या पानांपैकी ढोबळमानाने दहातला एखादा हिस्सा अळ्या-नाकतोड्यांच्या पोटात जातो. बाकी सगळं वाळून खाली पडतं. वाळक्या पानात नत्र-स्फुरद आणखी कमी, कारण पान सोडण्याआधी झाड बराच माल परत ओढून घेतं. मग बुरशी येते. ती पानातला कर्ब जाळते, नत्र आणि स्फुरद आपल्या धाग्यात गोळा करते, आसपासच्या मातीतूनही ओढून आणते. निकस पानाचं सकस अन्न होतं ते इथे. या बुरशीवर स्प्रिंगटेल (टिचकन उडणारे बिनपंखी बारीक जीव) आणि माइट (कोळ्यांचे धुळीएवढे भाऊबंद) चरतात, माश्या-चिलटांच्या अळ्या वाढतात, वाळवी तर वारुळात बुरशीची शेतीच करते. त्यांच्यावर जमिनीवरचे कोळी, गोम, मुंग्या. आणि तुमच्या तोंडावर येणारं जाळं? त्यात अडकलेली चिलटं पाहा. ती बहुतेक पाचोळ्यातच जन्मलेली. जपानमध्ये मियाशिता आणि सहकाऱ्यांनी जंगलातली जमीन झाकून खालून उडून येणारे कीटक अडवले होते. प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या जाळीवाल्या कोळ्यांची संख्या घटली. फांदीवर बसलेल्या कोळ्याचं रेशन कार्ड जमिनीखाली असतं ते असं.

याची उलट बाजू अमेरिकेतल्या केंटकीच्या जंगलात चेन आणि वाइज यांनी तपासली, ती १९९९ मध्ये छापून आली. त्यांनी जमिनीच्या छोट्या तुकड्यांवर जास्तीचं कुजकं अन्न घातलं, अळंबी-बटाटा वगैरे. स्प्रिंगटेल वाढले आणि त्यांच्यामागोमाग कोळ्यांसकट शिकारीही वाढले. खालून ढकललं की वर पोचतं, पण तुम्ही ढकलता ते या दाराने गेलं पाहिजे.

आता तुमच्याच दोन टेकड्या. मी तुमची देवराई पाहिलेली नाही, पण तशा पुष्कळ पाहिल्यात. पुढच्या वेळी पांढरा पंचा आणि पीठ चाळायची जाड चाळणी घेऊन जा. हातभर जागेतला पाचोळा तळापर्यंत उचला आणि पंच्यावर चाळा. वरचा थर यंदाचा, पानं अख्खी, ओळखू येणारी. त्याखाली गेल्या वर्षीची, शिरा उरलेली, एकमेकांना पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखी चिकटलेली. हे शिवण म्हणजे बुरशी. त्याखाली काळी भुसभुशीत चिमूट, तिला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. पंच्यावर काय पडतं ते नुसत्या डोळ्यांनी पाहा. आधी काहीच दिसत नाही. मग मिनिटभराने धुळीचे कण चालायला लागतात. पांढरे टिचकन उडणारे ते स्प्रिंगटेल. तांबूस सावकाश चालणारे माइट. एखादा पैसा किडा अंगाची गुंडाळी करून पडतो. आणि मोहरीएवढा कोळी, पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करत. तुमच्या मुलांनी मोजले नसतील ते हेच. कोळी म्हटलं की आपण जाळं शोधतो.

नंतर सागाखाली तेच करा. मोठमोठी पानं पापडासारखी सुटी, एकावर एक, मधे पोकळी, आणि त्यांच्याखाली थेट मुरूम. मधला शिवलेला थर नाही. कारण? मार्चमधला वणवा. आणि वणवा नसेल तर उतार. पालापाचोळ्याला अडवायला खाली झुडूप नाही, दगडाची ओळ नाही; जूनमध्ये तो नाल्यात. खत घातल्याने सागाची पानं मोठी झाली असतील, पण त्यातला माल टेकडीवर वर्षभरसुद्धा थांबला नाही.

खताने उलटंही होऊ शकतं. पनामामध्ये गिगान्ते द्वीपकल्पावर १९९८ पासून जंगलाला नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगवेगळी घालून पाहतायत. तिथे मायकेल कास्पारी यांच्या गटाला स्फुरद घातलं की पाचोळा लवकर कुजताना दिसला. ऐकायला छान. पण पाचोळा हे कोळ्याचं नुसतं जेवणाचं ताट नाही, घरही आहे. भराभर कुजला तर थर पातळ होतो. अन्न वाढतं आणि छप्पर जातं. म्हणून जंगलात 'लवकर कुजणं म्हणजे चांगलं' असं मी म्हणत नाही. शेतीची ती सवय इथे सोडावी लागते.

स्फुरदाबद्दल थोडं जास्त बोलू द्या, आपल्या दगडाशी त्याचं नातं आहे. नत्र हवेतून येऊ शकतं, स्फुरद दगडातून. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. हवाई बेटांवरही बेसॉल्टच, फक्त वय वेगवेगळं. पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी तिथे तीनशे वर्षांच्या लाव्हापासून एक्केचाळीस लाख वर्षांच्या जमिनीपर्यंत जंगलं तपासली. कोवळ्या जमिनीवर झाडं नत्रासाठी आसुसलेली, जुन्या जमिनीवर स्फुरदासाठी. जुन्या मातीत स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियमने ते कुलूपबंद करून ठेवलेलं असतं. आपल्याकडे उतारावर धूप होऊन ताजा दगड सतत उघडा पडतो, त्यामुळे अगदी तसंच इथे म्हणता येणार नाही. पण घाटमाथ्यावरची तांबूस कोरळ माती आणि निफाडची काळी यांत हा फरक हाताला लागतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मालेगावला पाचशेच्या आसपास. दीडशेएक किलोमीटरच्या आत एकीकडे चुना-पालाश धुवून गेलेली आंबट माती आणि दुसरीकडे चुनखडीने पांढरे ठिपके पडलेली जमीन.

तपासणीला माती देणार असाल तर एक सूचना. प्रयोगशाळेत स्फुरद सहसा ओल्सन पद्धतीने काढतात. ती काळ्या, चुनखडीच्या जमिनीला ठीक. आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत मागा, नाहीतर आकडा फसवा येतो. आणि अहवालावर 'सेंद्रिय कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर म्हणजे भरपूर' असं छापलेलं असेल ते पिकांसाठी आहे. देवराईतली वरची दोन बोटं माती तपासली तर आकडा त्याच्या कितीतरी वर जातो आणि पाच बोटं खाली एकदम उतरतो. शेतासारखा वीतभर खोल खड्डा करून सगळं मिसळून नमुना घेतला तर जंगलाचं सगळं वैशिष्ट्य त्या पिशवीत हरवतं. मी स्वतः पहिली दोन वर्षं असेच नमुने घेतले. देवराई आणि बरड माळ यांच्यात 'फारसा फरक नाही' असं लिहून मोकळी झाले होते. आजही ते कागद पाहिले की लाज वाटते.

चुन्याचं म्हणजे कॅल्शियमचं काम काजव्यांवरून समजावते. मेच्या शेवटी इगतपुरी-त्र्यंबककडे झाडं लुकलुकतात, माणसं गाड्या घेऊन बघायला जातात. तो काजवा उडण्याआधी महिनोन्महिने जमिनीवर अळी म्हणून जगतो आणि गोगलगायी खातो. गोगलगायीला शंखासाठी चुना लागतो. चुना मातीतून पानात, पानातून पाचोळ्यात, तिथून शंखात. हॉलंडमध्ये आम्ल पावसाने जंगलाची माती चुन्याला महाग झाली, गोगलगायी घटल्या आणि त्यावर अवलंबून असलेल्या छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं बिघडली, असं याप ग्रेव्हलँड यांनी १९९४ मध्ये दाखवलं. साग या बाबतीत वाईट झाड नाही हे इथेच सांगते. त्याची पानं चुन्याने चांगली भरलेली असतात. पण थांबू द्याल तर ना.

मिठाचं दोन ओळींत. सोडियम झाडाला जवळजवळ नको असतं, प्राण्याला मात्र हवंच. म्हणून पानखाऊ आणि पाचोळाखाऊ कीटक मिठाला हपापलेले असतात. ओढ्याच्या ओल्या रेतीवर थव्याने बसलेली फुलपाखरं तेच शोषत असतात. समुद्रापासून आत जावं तसं पावसातलं मीठ कमी होतं, आणि समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडच्या मुंग्या साखरेपेक्षा मिठाच्या पाण्याकडे जास्त वळतात, हे कास्पारी यांचंच काम. नाशिक त्या शंभराच्या आसपास बसतं. कापसाचे दोन बोळे, एक साखरपाण्याचा, एक मिठाच्या फिकट पाण्याचा, मुलांना द्या. तास जाईल मजेत.

आता राबाबद्दल, कारण तुमच्या पेठ तालुक्यात तो विषय टाळून हे उत्तर पुरं होत नाही. नागली-भाताच्या रोपासाठी ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण रचून वर मातीचा थर देऊन जाळायचं. त्या राखेत स्फुरद, पालाश, चुना राहतो. नत्राचा बराच भाग धुराबरोबर जातो. तण मरतं, रोप जोमाने उठतं. मी राबाला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. मुठीएवढ्या वाफ्यासाठी ते शहाणपणाचंच तंत्र आहे. पण जंगलाच्या बाजूने पाहिलं तर हा व्यवहार एकतर्फी. डोंगराचा स्फुरद शेतात उतरतो, परत वर जात नाही. दरवर्षी छाटलेल्या ऐनाखाली चाळणी लावून पाहा, पंचा जवळजवळ कोरा राहतो.

आणि म्हणूनच देवराई. देवाच्या रानातली काडीही घरी न्यायची नाही. पडलेलं झाड तिथेच कुजायचं. भक्तीने पाळलेला नियम असेल, पण माती परीक्षणवालीला त्यात वेगळं दिसतं. या टेकडीवरून काही बाहेर जात नाही. पानात चढलेलं स्फुरद खाली येतं, बुरशीत जातं, चिलटात जातं, कोळ्यात जातं, कोळी मेला की पुन्हा तिथल्याच मुळात. पिढ्यान्‌पिढ्या तोच माल फिरतोय. तुमच्या सागाला बाहेरून दिलेलं खत आणि देवराईने आत धरलेलं खत यांची तुलना करायची तर गोणी किती हे विचारून उपयोग नाही, किती वर्षं थांबलं ते विचारा.

हे एकतर्फी नाही, कोळीही मातीवर हात ठेवून असतो. २०१२ मध्ये ड्रोर ह्लावेना आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 'सायन्स'मध्ये आला, जंगलातला नव्हे, गवताळ रानातला. काही कोळ्यांची तोंडं चिकटवून टाकली, म्हणजे ते मारू शकत नाहीत, फक्त भीती घालतात. भेदरलेले नाकतोडे जास्त साखर जाळतात, शरीरातलं प्रथिनही मोडतं, आणि त्यांच्या मृत अंगात नत्राचं प्रमाण किंचित उतरतं. फरक चार टक्क्यांच्या आसपास. पण असे नाकतोडे जिथे मातीत मिसळले तिथे पुढे टाकलेला पाचोळा कुजायचा वेग लक्षात येण्याइतका मंदावला. कोळ्याच्या नुसत्या धाकाने मातीचं काम हळू झालं! वर्गात सांगा, मागच्या बाकावरचाही कान टवकारेल.

करायचं काय, तर पहिलं, जाळरेषा. जानेवारी-फेब्रुवारीत सागाच्या टेकडीभोवती पट्टा साफ करून घ्या. तीन वर्षं आग आत शिरली नाही तरच मधला थर बसायला लागतो. दुसरं, छाटणीच्या फांद्या आणि सुटे दगड उताराला आडवे ओळीत लावा, समपातळीत. त्यांच्यामागे पाचोळा साठतो आणि सगळ्यांत आधी तिथेच कोळी येतात. तिसरं, सागाच्या मधे दुसरी झाडं येऊ द्या: करंज, पळस, उंबर. लावायलाच हवीत असं नाही, उगवतात, गुरांपासून वाचवली तर. वेगवेगळ्या वेळी पडणारी, वेगवेगळ्या वेगाने कुजणारी पानं म्हणजे बाराही महिने जेवण. वारूळ असेल तर फोडू नका. वाळवी आजूबाजूचं अन्न एका जागी गोळा करते, पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी हजारोंनी उडते आणि मातीतला माल एका संध्याकाळी कोळ्या-बेडकांच्या पोटात जातो. देवराईतून पाचोळ्याच्या टोपल्या आणून सागाखाली टाकायचा मोह होईल. तो नको. गावाचा नियम मोडाल आणि सावली-ओलावा नसेल तर त्यातलं काही जगणारही नाही.

मोजणी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर ठेवा, तेव्हा कोळी वयात आलेले असतात आणि सोनेरी धाग्याची मोठी नेफिलाही दिसते. दोन्ही टेकड्यांवर सारखेच प्लॅस्टिकचे ग्लास, काठ मातीशी समतल, तळाशी पाणी आणि साबणाचे दोन थेंब, वर तीन खड्यांवर टेकवलेली पत्रावळ. मीठ घालू नका, मुंग्यांचं वर सांगितलंय. रोज सकाळी रिकामे करा. ग्लास कशाला पुरलेत ते गुराख्याच्या पोरांना आधीच समजावून सांगा. माझे एकदा सगळेच्या सगळे चहा प्यायला गेले होते. झुडपांसाठी उघडी छत्री उलटी धरून फांदीला काठीने तीन टोले, प्रत्येक ठिकाणी तीनच. घरी पाचोळ्यातले जीव काढायला नरसाळं, जाळी आणि वर बल्ब पुरतो. इटलीच्या बर्लेसी यांनी १९०५ मध्ये हे नरसाळं केलं, स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये त्यावर दिवा आणला. तुम्ही बाटली कापून अर्ध्या तासात कराल. वरून उष्णता लागली की सगळे खाली उतरतात आणि खालच्या वाटीत पडतात.

ओळखण्यासाठी कोळी माझ्याकडे पाठवायचे असतील तर प्रत्येकाला वेगळी डबी, झाकणाला सुईने भोक, आत ओल्या कापसाचा लहान बोळा. मागे एका शाळेने बारा कोळी एकाच बरणीत घालून एसटीने पाठवले होते. माझ्या हातात आली तेव्हा बरणीत एकच होता, चांगला टम्म फुगलेला.